पाटावरचं कडं

आश्विनातली नवमी जवळ आली की आमच्या लष्कर शहरातली हवा बदलते. दुपारचं ऊन अजून चटकतं, पण पहाटे फरशीवर पाऊल टाकलं की तळवा आखडतो. गल्लीच्या तोंडाशी झेंडूचे ढीग पडतात, रामलीलेचे भोंगे घसा फुटेपर्यंत ओरडतात, आणि माझ्या नाकात झेंडूच्या आधी ग्रीसचा वास येतो. घरात ग्रीसचा डबा नाही, मोटारीच्या कामातलं कोणी उरलेलं नाही, तरी येतो. नव्वदी ओलांडलेल्या बाईच्या नाकावर विश्वास ठेवू नये असं माझा मुलगा म्हणतो. न ठेवो. दर खंडेनवमीला तो वास येतो, एवढं खरं आहे.

आज सकाळी नातीनं पाट मांडला. मुक्ता तिचं नाव. इंजिनीअरिंगच्या कॉलेजात आहे आणि चार-पाच मुलामुलींबरोबर शर्यतीची छोटी गाडी बनवते. पाटावर तिनं आपले पाने मांडले, लॅपटॉप ठेवला, स्कूटीची किल्ली, आईची कात्री. मग माझ्यापुढे हात पसरला. "आजी, तुझा पेन दे ना. आज कोणी काही लिहायचं नाही, तूच बोलली होतीस." मी बोलले होते. आमच्या घरी खंडेनवमीला पूजेत ठेवलेली वस्तू दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत हलवत नाहीत, मग ते शस्त्र असो, अवजार असो की लेखणी. या नियमाची या घरातली शेवटची पहारेकरीण मीच. मी पेन काढून दिला. तिनं त्याला हळदकुंकू लावलं, वर एक झेंडू ठेवला आणि कॉलेजात निघून गेली. मी आत येऊन पडले.

पडले, पण डोळा लागला नाही. कारण गेल्या आठवड्यातलं एक बोलणं घशात अडकलं आहे. मुक्तानं मला मोबाइलवर परदेशातली कुठलीशी शर्यत दाखवली होती. दोन गाड्या, सरळ रस्ता, पाव मैल. वळण नाही की चढ नाही, पापणी चार वेळा लवेपर्यंत सगळं आटोपतं. मग तिनं त्या शर्यतीचे नियम वाचून दाखवले. "इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जी शाफ्ट जाते ना आजी, तिच्याभोवती लोखंडी लूप पाहिजे. पुढच्या जॉइंटपासून सहा इंचाच्या आत. पूरा गोल. नहीं तो गाड़ी लाइन पर आने ही नहीं देते."

"पट्टी दोन इंच रुंद, पाव इंच जाड," मी म्हटलं.

ती बघतच राहिली. "तुला कसं माहीत?"

"मी लिहिले होते ते नियम. आबांनी सांगितले, मी लिहिले."

"मतलब तुझ्या टाइमला पण लूप होता?" तिनं मोबाइल खाली ठेवला. "मग तुझे दादा कसे गेले... अच्छा, पणजोबा लावायचं विसरले होते ना? पप्पा हेच सांगतात."

गॅसवर दूध होतं. मी ते बघायला उठले आणि बराच वेळ बघत राहिले.

पणजोबा विसरले. आमच्या घरात ही गोष्ट एवढ्या दोन शब्दांत सांगितली जाते. लग्नकार्यात चार नातेवाईक जमले आणि मोटारींचा विषय निघाला की कोणीतरी हळहळतं, "मिस्त्री एवढा हुशार, आणि पोटच्या पोराच्या गाडीचंच कडं बसवायला विसरला." मी पानात पोळी वाढत पुढे जाते. इतकी वर्षं मी पोळ्या वाढत पुढे गेले आहे.

आबा म्हणजे माझे वडील. आमचे पूर्वज साताऱ्याकडून घोड्यावर बसून इकडे आले. आजोबा संस्थानच्या पलटणीत होते, आणि घोडे जाऊन मोटारी आल्या तेव्हा आबा दरबारच्या मोटारखान्यात लागले. गोरखी महालाजवळ दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. आबांना लिहिता येत होतं, पण हात जड. हातोडीला सवकलेली बोटं टाकावर दाब देत, निब फाकायचं. माझं अक्षर मोत्याचं म्हणून मोटारखान्याचे सगळे कागद घरी यायचे आणि माझ्या हातून लिहून जायचे. एका बाजूला मराठी, एका बाजूला हिंदी. आबा चटईवर उताणे पडून डोळे मिटून सांगायचे, तसे पडले की आपण गाडीखाली आहोत असं त्यांना वाटायचं आणि सगळं नीट सुचायचं.

दसऱ्याच्या सकाळी मोरारकडच्या सरळ सडकेवर सरदारांच्या मोटारींची शर्यत व्हायची. सीमोल्लंघनाची हौस. पूर्वी घोडे पळवत, पुढे मोटारी. जागेवरून सुटायचं आणि पाव मैलावरच्या कमानीखालून आधी जायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो. आबा सांगायचे की गाडीला खरा धोका वेगात नसतो, सुटताना असतो. गाडी उभी, इंजिन मात्र गरगरतंय, आणि क्लच एकदम सोडला की सगळी ताकद मागच्या चाकांकडे जाणाऱ्या त्या लांब दांड्यावर येते. दांडा पिळवटतो. पुढचा सांधा तुटला तर त्याचं टोक सडकेवर आपटतं आणि गाडी त्यावर उचलली जाते, नाहीतर तो फिरता फिरता फळ्या फोडून आत येतो. एका वर्षी तसं झालंही होतं. दांडा ज्या बाजूनं आत आला तिथं कोणी बसलेलं नव्हतं, म्हणून निभावलं.

त्यानंतर आबांनी नियम सांगितले. क्लचच्या घरावर जाड पोलादी पत्रा, म्हणजे आतली चकती फुटली तर तुकडे पायांवर येऊ नयेत. दांड्याभोवती पुरं कडं. सुटण्याआधी तपासणाऱ्यानं स्वतः गाडीखाली झोपून, हातोडीनं ठोकून आवाज ऐकायचा. चौथा नियम मला शब्दन् शब्द आठवतो, कारण तो मी तीनदा लिहिला होता, आबांचं समाधान होईना. तपासणाऱ्यानं पुढच्या उजव्या चाकावर खडूनं चौकट काढावी. दुसऱ्या कोणी काढू नये. चौकट दिसल्याशिवाय सुटायचं निशाण पडू नये.

कडं घडवलं मुन्ने खाँनी. मोटारखान्याजवळ त्यांची भट्टी होती. दोन अर्धगोल, चार बोल्ट, बोल्ट टोपी बाजारातून निवडून आणलेले. ते आबांना म्हणाले होते, "मिस्त्रीजी, गाड़ी को तो मैं फिर जोड़ दूँगा। ये कड़ा टाँग के वास्ते है।" मी तेव्हा दाराआड हसले होते. टांगेसाठी कडं, असा दागिना कधी ऐकला नव्हता.

मग ते दिवस आले. संस्थान विलीन झालं, मध्यभारत झालं. बोलायला चार-पाच शब्द लागतात, घडायला दोन-तीन वर्षं लागली, आणि त्या दोन-तीन वर्षांत लष्करातल्या मराठी घरांत रोज काहीतरी जागचं हललं. कोणाची कचेरी इंदूरला गेली, कोणाचं खातंच गेलं. मोटारखान्याच्या दारावरची पाटी उतरली. आबांना सांगण्यात आलं की नव्या मोटर खात्यात माणसं निवडून घेणार, यादी निघेपर्यंत कामावर या. माझा भाऊ, दादा, आजोबांच्याच पलटणीत मोटार चालवत होता. पलटणी मोठ्या फौजेत घेतल्या गेल्या तेव्हा जी छाटणी झाली तीत तो घरी आला. सोबत एक ट्रंक आणि एक चांगल्या वर्तणुकीचा कागद. आजोबांपासून आमच्याकडे असलेली तलवार पलटणीची होती, तीही जमा करावी लागली. दादानं ती फडक्यात गुंडाळून नेली आणि पावती आणली. भिंतीवर खिळा तेवढा राहिला.

आई त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. घरात बाई म्हणून मी एकटी, एकोणीस वर्षांची. आईचे सगळे कुळाचार मी माझ्या अंगावर घेतले होते, आणि आईहून कडक पाळत होते. तिला सूट देता यायची, मला येत नव्हती. कुठलाही कुळाचार चुकला तर घराचा राहिलेला भागही कोणीतरी येऊन जमा करून घेईल, असं मला वाटत असे.

त्या वर्षीच्या शर्यतीत दादा एका सरदारांच्या धाकट्या साहेबांची गाडी चालवणार होता. विलायती, दोन माणसांची, ठेंगणी, हिरवी. बघायला नव्या खात्याचे अधिकारी येणार होते. धाकट्या साहेबांनी शब्द दिला होता की गाडी पहिली आली तर तिथंच ओळख करून देतो, कायमची जागा नक्की. दादा तीन महिने घरी बसलेला. जेवताना दुसरी पोळी नको म्हणायला लागला होता. मला ते दिसत होतं आणि आबांनाही दिसत होतं.

नवमीला आबांनी त्या गाडीचा दांडा उतरवून सांध्यांत ग्रीस भरलं. त्यासाठी कडं काढावं लागे. दांडा परत चढवला, पण कडं संध्याकाळी घरी घेऊन आले. दारात उभे राहून म्हणाले, "तलवार तर गेली. यंदा पूजेला हे ठेव, इंदू. हेही जीव राखतं." मी ते चिंचेनं घासलं, तेल लावलं, दोन्ही अर्धगोल जुळवून पाटावर तलवारीच्या जागी ठेवलं. कुंकवाची बोटं उठली ती काळ्या लोखंडावर फार छान दिसली. आबा दादाला म्हणाले, "सकाळी घेऊन जा आणि आधी हे कस. मग मी येऊन ठोकून बघतो, खूण करतो." एवढं सगळं ठरलेलं होतं. कोणी काही विसरलं नव्हतं.

पहाटे महालातून बोलावणं आलं. मिरवणुकीच्या जुन्या गाड्यांपैकी एक चालू होईना आणि माणसं आता निम्मीच उरलेली. आबा जाताना म्हणाले, "दादाला सांग, मी नाही पोचलो तर मुन्ने खाँला गाडीखाली घाल. त्याचा कान माझ्यासारखाच आहे." दादा तेव्हाच शर्यतीच्या गाडीकडे गेला होता, मी निरोप लक्षात ठेवला.

साडेसहाला दादा दारात आला. कोपरांपर्यंत काळा, कपाळावर तेलाचा पट्टा, आणि पायात वहाणा तशाच.

"इंदू, कडं दे."

"उत्तरपूजा नाही झाली."

"अगं, आठला शर्यत आहे. चार बोल्ट कसायचेत. देरी होऊन राहिली."

"आबांना येऊ दे."

"आबा महालातून बाराच्या आत सुटतात का कधी? तू काय बोलून राहिलीस?"

"मग आंघोळ कर आणि तू पूजा कर. असल्या हातांनी पाटाला शिवायचं नाही. आईनं कधी शिवू दिलं होतं?"

"तेवढा वखत नाही गं."

आणि मी म्हणाले, "मग राहू दे. पावच मैल तर जायचंय."

हे वाक्य मी म्हणाले. दादा नाही, आबा नाही. पूजेपुढे उभी राहून, दोन्ही हात जरा पसरून, जणू तो हिसकावून घेणार होता. तो घेऊ शकला असता. माझ्या दुप्पट ताकदीचा होता. त्यानं तसं केलं नाही, कारण आई गेल्यापासून तो माझा एकही शब्द मोडत नव्हता. तो हसला. म्हणाला, "आईच बोलून राहिली तुझ्यातून." मग हात काळे म्हणून दारातूनच कड्याला नमस्कार केला, कोनाड्यातला आबांचा खडू उचलला आणि गेला.

खडू उचलताना मी पाहिलं होतं. चौथा नियम माझ्या अक्षरातला होता. खडू कशासाठी नेतोय हे न कळण्याइतकी मी भोळी नव्हते. मुन्ने खाँना गाडीखाली घालायचा आबांचा निरोप जिभेवर होता, तोही मी दिला नाही. मुन्ने खाँनी कड्याशिवाय गाडी सुटू दिली नसती आणि दादा पुन्हा दारात आला असता. मला त्याच्याशी पुन्हा भांडायचं नव्हतं.

मी तांदूळ धुतले. श्रीखंडाचा चक्का फडक्यातून काढला. शमीची पानं निवडून ताटात ठेवली, संध्याकाळी लोक सोनं द्यायला येणार म्हणून. अंगणात ऊन उतरत होतं, आणि त्या वर्षी नीलकंठ पक्षी समोरच्या गच्चीच्या कठड्यावर येऊन बसला होता. दसऱ्याला तो दिसणं फार शुभ. मी हात जोडले. त्या सकाळइतकं प्रसन्न मला क्वचितच वाटलं असेल, आणि हे सांगताना आज लाज वाटते.

नऊच्या सुमारास मुन्ने खाँ आले. त्यांच्या कुडत्यावर रक्त होतं, त्यांचं नव्हतं. उंबऱ्याबाहेर उभं राहून ते म्हणाले, "बिटिया, गाड़ी उठी ही थी। आवाज़ मैंने पहचान लिया। अगला जोड़ गया। डंडा फर्श फाड़ के अंदर आ गया।" मग थांबून म्हणाले, "पहिये पर निशान था, तो मैंने समझा मिस्त्रीजी देख गए हैं। कड़ा होता तो डंडा उसी में घूमता रह जाता।" आणि बोलता बोलता त्यांची नजर माझ्या खांद्यावरून आत, पाटाकडे गेली. त्यांनी स्वतः घडवलेली वस्तू होती ती, झेंडूच्या फुलांत. त्यांनी मान खाली घातली आणि आबांना आणायला महालाकडे निघाले.

दादाची मांडी वरपर्यंत फाटली होती. इस्पितळात तो तीन दिवस शुद्धीत होता. आबांनी पहिल्याच संध्याकाळी विचारलं, "कडं?" मी उशाशी पाण्याचा पेला धरून उभी होते. दादा म्हणाला, "विसरलो, आबा. गडबडीत राहिलं." माझ्याकडे बघितलंही नाही. मग ताप चढला, जखमेला वास यायला लागला, आणि कोजागरीच्या आदल्या दिवशी तो गेला.

त्या पहिल्या रात्री आबा कपडे न्यायला घरी आले होते. पाट तसाच. उत्तरपूजा कोण करणार? फुलं सुकून कड्याला चिकटली होती. आबा पाटासमोर उभे राहिले. मला वाटलं आता विचारतील. त्यांनी वहाणा काढल्या नाहीत, हात धुतले नाहीत, वाकले आणि कडं उचललं. फुलं झटकली. भिंतीशी जाऊन तलवारीच्या खिळ्यावर ते अडकवलं. मग त्यांची नजर रिकाम्या कोनाड्याकडे गेली; खडू न्यायला घरी आलेला माणूस समोरच्या पाटावरचं कडं विसरत नसतो, हे कळायला मिस्त्री असावं लागत नाही. त्यांना तिथंच सगळं कळलं होतं.

तेराव्यानंतर नव्या खात्यातून लेखी जबाब मागितला. यादी निघायची होती, आणि गाडी कोणी तपासली, खूण कोणी केली, हे त्यांना हवं होतं. आबा चटईवर पडले, डोळे मिटले. मी टाक घेतला.

"लिही. गाडी मी तपासली. खूण मीच केली. कडं बसवायचं माझ्याकडून राहिलं."

"आबा, पण—"

"लिही."

"आबा, दादा घरी आला होता. मी—"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "इंदू, तो गेला. माझं वय झालं. तुला अजून कोणाच्या तरी घरी जायचंय. या गावात एकदा नाव पडलं की ते पोरीबरोबर सासरी जातं. लिही."

मी लिहिलं. नव्या कचेरीला हिंदी लागे, म्हणून हिंदीत लिहिलं. *कड़ा लगाना मुझसे रह गया।* अक्षर नेहमीसारखं आलं, एकही शाईचा डाग नाही. आबांनी जड हातानं खाली सही केली. यादीत त्यांचं नाव आलं नाही. ज्या माणसानं नियम केले त्यालाच पाळता आले नाहीत, असा चारचौघांत बोलवा झाला. पुढे त्यांनी नया बाजारात शिवणयंत्रं आणि स्टोव्ह दुरुस्त करायचं छोटंसं दुकान टाकलं. तिथं ते उकिडवे बसून काम करत. गाडीखाली पुन्हा कधी झोपले नाहीत.

दादा म्हणाला, मी विसरलो. आबांनी लिहून दिलं, मी विसरलो. जिला सगळं आठवत होतं ती गप्प बसली. माझं लग्न झालं, चांगल्या घरी झालं. मी शाळेत मुलींना सुंदर अक्षर शिकवलं, तीस वर्षं. "खोटं लिहिलं तर अक्षरात दिसतं," असं मी त्यांना सांगायची. ते खरं नाही. मला चांगलं ठाऊक होतं की दिसत नाही.

पुष्कळदा मी स्वतःची वकिलीही केली. कडं घरी आबांनी आणलं. खडू दादानं उचलला. एकोणीसचं वय, आई नसलेली मुलगी, तलवार गेलेली, पाटी उतरलेली, एवढं एक तरी जागच्या जागी राहावं असं वाटलं तर काय चुकलं? वकिली चांगली होते. फक्त ती संपली की पुन्हा ऐकू येतं, पावच मैल तर जायचंय.

एकदाच आबा त्यावर बोलले. मध्यभारतही मोडला आणि मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, तेव्हाची गोष्ट. मी माहेरी आले होते. रस्त्यावरून कचेऱ्यांचं दप्तर भरलेले ट्रक चालले होते. गठ्ठ्यांवर ताडपत्री, वर बसलेले चपराशी. आम्ही दुकानाच्या पायरीवरून बघत होतो. आबा म्हणाले, "आपला कागदही गेला असेल त्यात."

"कोणता?" मी विचारलं. मला माहीत होतं कोणता.

"बरं झालं. तिकडे आपल्याला कोणी ओळखत नाही." मग स्टोव्हच्या पिनेनं नखातला मळ काढत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या आईनंही दिलं नसतं गं."

मला माफ करण्यासाठी ते म्हणाले, हे मला कळत होतं. मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं. म्हणायला हवं होतं की आबा, आईनं दिलं असतं. आईनं एका मिनिटात ताम्हनातलं पाणी पाटावर शिंपडलं असतं, "झाली उत्तरपूजा, ने" म्हणाली असती, आणि वर डब्यातला लाडू हातावर ठेवला असता. मी ट्रक मोजत बसले. दोन वर्षांनी आबा गेले. कडं मी माझ्या ट्रंकेत आणलं, आईच्या लुगड्यात गुंडाळून, आणि ते अजून तिथंच आहे.

आज दुपारी घर सामसूम झालं तशी मी उठले. पाटाजवळ बसायला वेळ लागला, गुडघे ऐकत नाहीत. झेंडू बाजूला केला. पेन उचलला. टोपणावरचं कुंकू ओलं होतं, ते बोटांना लागलं, आणि या कागदांच्या कडांवर जे लाल ठसे आहेत ते त्याचे आहेत.

मुक्ता संध्याकाळी आली, पाट बघितला, मग मी दिसले. "आजी, उत्तरपूजा नहीं हुई अभी!"

"माहीत आहे."

"मग काय लिहून राहिलीस?"

"जबाब," मी म्हटलं. "जुना आहे. चुकीचा लिहिला होता. झाला की तू पहिली वाच, मग तुझ्या बापाला दे." ती जवळ बसली. मी तिला ट्रंकेची किल्ली दिली. म्हटलं, तळाशी लुगड्यात एक वस्तू आहे. तुमच्या गाडीला बसली तर बसवा, नाही बसली तर मापाला ठेवा. पाटावर मात्र ठेवायचं नाही. पूजाच करायची असेल तर गाडीखाली झोपून, जागच्या जागी कुंकू लावायचं.

अक्षर आता हलतं. तरी वाचता येईल असं लिहिते.

आबांकडून काही राहिलं नव्हतं. दादा विसरला नव्हता. तो मागायला आला होता, आणि कडं मी दिलं नाही.